घरगुती प्रवाळ मत्स्यालयातील प्रवाळांचे रोगनिदान

घरगुती प्रवाळ मत्स्यालय म्हणजे खारे पाणी, सच्छिद्र खडक, कृत्रिम प्रकाश आणि पंपांनी निर्माण केलेले प्रवाह यांच्या साहाय्याने जिवंत प्रवाळ वाढविण्यासाठी मांडलेली काचेची टाकी होय. अशा टाकीतील प्रवाळ फिके पडणे, दिवसेंदिवस मिटून राहणे, त्यांचे मांसल आवरण सांगाड्यापासून सुटणे आणि अखेरीस ते मरणे हा या छंदातील नित्याचा प्रश्न आहे. त्याचे निदान तीन गोष्टींच्या आधारे केले जाते. पहिली म्हणजे प्रवाळावर दिसणाऱ्या खुणा, दुसरी पाण्याची मोजमापे आणि तिसरी गेल्या काही आठवड्यांत टाकीत झालेले बदल. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत उपयुक्त असूनही तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. प्रवाळ हा किंचित चुकीच्या पण स्थिर पाण्याशी बराच जुळवून घेतो. अकस्मात बदल मात्र त्याला सोसत नाही. त्यामुळे मूळ बिघाडाने न दगावलेला प्रवाळ एकाच दिवशी घाईने केलेल्या चार-पाच उपायांनी दगावल्याची उदाहरणे या छंदात विपुल आहेत.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खासगी टाकीत प्रवाळ दीर्घकाळ जगविणे जवळजवळ अशक्य मानले जात असे. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातून आणलेले जीवयुक्त खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच साधनांवर सागरी टाकी चालवून दाखवली व १९६१ मध्ये आपल्या पद्धतीविषयी लेख प्रसिद्ध केला. पुढे जर्मनीतील छंदिष्टांनी जिवंत खडक, तीव्र प्रकाश आणि पाण्यातील सेंद्रिय द्रव्य फेसाच्या रूपाने बाहेर काढणारे प्रोटीन स्किमर यांची जोड घालून जी पद्धत रूढ केली, ती बर्लिन पद्धत म्हणून ओळखली जाते. आजच्या बहुतेक टाक्या तिच्याच वंशातील आहेत.

प्रवाळाची घडण

प्रवाळ ही वनस्पती नव्हे आणि खडकही नव्हे. समुद्रपुष्प आणि जेलीफिश ज्या आंतरगुही संघात मोडतात, त्याच संघातील तो प्राणी आहे. एका प्रवाळात पॉलिप नावाचे शेकडो लहान जीव एकमेकांना जोडलेले असतात. पॉलिपाच्या तोंडाभोवती दंशकोशिकांनी युक्त असे स्पर्शक असतात. बहुतेक भित्तिनिर्माण प्रवाळांच्या ऊतींत झूझँथेली हे एकपेशीय शैवल वास करते आणि प्रकाशसंश्लेषणाने तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा प्रवाळाला देते. कठीण प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन ॲरागोनाइट या खनिजाचा सांगाडा उभारतो. सांगाड्यावरचे जिवंत आवरण अत्यंत पातळ असते. दागिन्यातील पोवळे हा याच कुळाचा दूरचा नातलग असून ते मुख्यतः भूमध्य समुद्रातील लाल प्रवाळाच्या सांगाड्यापासून मिळते; मत्स्यालयातील प्रवाळांशी त्याची गल्लत करू नये.

छंदिष्ट प्रवाळांचे ढोबळमानाने तीन गट करतात. सार्कोफायटन किंवा झोअँथिड यांसारखे सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ. युफिलियासारखे मोठ्या पॉलिपांचे कठीण प्रवाळ. आणि ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा यांसारखे लहान पॉलिपांचे कठीण प्रवाळ. ही विभागणी शास्त्रीय नाही, परंतु निदानासाठी सोयीची आहे. साधारणतः पहिला गट सर्वांत सोशिक आणि तिसरा सर्वांत नाजूक असतो. टाकीतील मऊ प्रवाळ टवटवीत असून केवळ ॲक्रोपोरा खंगत असेल, तर विषबाधेपेक्षा अल्कता, पोषकद्रव्ये किंवा प्रकाश यांपैकी कशात तरी बिघाड असण्याचा संभव अधिक. सर्व गट एकाच दिवशी मिटले, तर लवणता, तापमान किंवा एखादे विषारी द्रव्य यांचा संशय आधी घ्यावा लागतो.

खुणांचा अर्थ

प्रवाळ पांढरा पडला एवढ्या निरीक्षणाला निदानात फारसे मोल नाही, कारण पांढरेपणा दोन अगदी भिन्न प्रकारांनी येतो. पहिल्या प्रकारात प्रवाळाने आपल्यातील शैवल गमावलेले असते, पण ऊती जिवंत असतात. बारकाईने पाहिल्यास सांगाड्यावर पारदर्शक पापुद्रा दिसतो आणि रात्री पॉलिप उघडतात. याला विरंजन म्हणतात. दुसऱ्या प्रकारात ऊतीच गळून गेलेली असते. उघड्या सांगाड्याच्या कडा तीक्ष्ण व कोरड्या भासतात आणि काही दिवसांत त्यावर हिरवट शैवलाची बुरशीसारखी लव चढते. विरंजित प्रवाळ कारण दूर झाल्यास आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा रंग धरू शकतो. गळालेल्या जागी मात्र ऊती परत येते ती शेजारच्या जिवंत भागातून सरकतच.

रंग तपकिरी होणे ही बहुधा उलट दिशेची खूण असते. प्रकाश कमी पडला किंवा पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट वाढले की झूझँथेलीची संख्या वाढते आणि प्रवाळाचे स्वतःचे निळे-जांभळे रंग झाकले जातात. असा प्रवाळ कुरूप दिसला तरी सहसा धोक्यात नसतो.

ऊती कोठून सुटू लागली हेही पाहण्याजोगे असते. फांदीच्या बुडापासून वर चढणारा पांढरेपणा अल्कतेतील चढउतार, मंद प्रवाह किंवा बुंध्यावर पडलेली सावली यांच्याशी जोडला जातो. केवळ शेंडे जळाल्यासारखे होणे हे पुष्कळदा अल्कता जास्त आणि पोषकद्रव्ये अत्यल्प अशा टाकीत आढळते. एकाच बाजूला डाग पडला असेल, तर त्या बाजूचा शेजारी कोण आहे ते पाहावे. विखुरलेले वाटोळे डाग उपद्रवी किड्यांच्या दंशाचे असू शकतात.

काही वेळा आजारच नसतो. सार्कोफायटन हा कातडीसारखा मऊ प्रवाळ अधूनमधून पॉलिप मिटून घेतो, त्याच्या अंगावर मेणचट साय धरते आणि काही दिवसांनी, क्वचित दोन-तीन आठवड्यांनी, ती टाकून तो पुन्हा फुलतो. नवख्या पालकाच्या टाकीतील औषधोपचारांची मालिका पुष्कळदा या निरोगी प्रवाळापासूनच सुरू होते! नव्याने आणलेला प्रवाळ पहिले काही दिवस मिटून राहणे हेही स्वाभाविक आहे. त्याला रोज नव्या जागी हलविल्यास तो काळ लांबतो.

तपासणीचा क्रम

प्रवाळ खंगताना दिसला की पहिली तपासणी पाण्याची नसून मापकाची असावी. लवणता मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटर केवळ शुद्ध पाण्यावर शून्याला लावून ठेवल्यास ३५ च्या आसपास चुकीचे वाचन देऊ शकतो. म्हणून तो ३५ सहस्रांश लवणतेच्या प्रमाणित द्रवाने जुळवावा लागतो. हलत्या काट्याच्या साध्या हायड्रोमीटरला एखादा बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. रासायनिक चाचणी-संचांची मुदत संपलेली असू शकते. अनपेक्षित आकडा आला तर दुसऱ्या संचाने खात्री करून घेईपर्यंत टाकीत काहीही ओतू नये, हा नियम पाळणाऱ्याचे बरेच प्रवाळ वाचतात.

त्यानंतर लवणता पाहावी, आणि तीही अल्कता वा कॅल्शियमच्या आधी. समुद्राच्या पाण्यातील प्रमुख घटक लवणतेच्या प्रमाणात कमी-अधिक होतात. लवणता ३५ ऐवजी ३१ असेल तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही त्याच प्रमाणात कमी दिसतील. अशा वेळी कॅल्शियमची पूड घालत बसणे म्हणजे रोग सोडून लक्षणाच्या मागे लागणे होय.

लवणता सुमारे ३५ सहस्रांश, म्हणजे २५ अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, एवढी राखतात. ती बिघडण्याचे सर्वांत सामान्य कारण बाष्पीभवन हे आहे. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते. २०० लिटरच्या टाकीतून रोज ४ लिटर पाणी उडत असेल आणि तीन दिवस भर घातली गेली नाही, तर उरलेल्या १८८ लिटरमध्ये लवणता ३५ वरून सुमारे ३७.२ होते. नंतर १२ लिटर गोडे पाणी एकदम ओतल्यास प्रवाळाला दुसरा धक्का बसतो. भर नेहमी गोड्या पाण्याची, थोडी थोडी आणि रोज घालावी; यासाठी पातळी ओळखून आपोआप पाणी सोडणारी यंत्रणाही मिळते. खारे पाणी केवळ पाणी बदलताना वापरायचे असते, हा भेद नवख्यांच्या ध्यानात येण्यास वेळ लागतो.

तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस असावे. निसर्गात उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी सुमारे १ अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले तरी विरंजन सुरू होऊ शकते. १९९८ मध्ये लक्षद्वीप आणि मन्नारचे आखात येथील भित्तींसह जगभरच्या प्रवाळांवर हा प्रसंग ओढवला होता. टाकीत तापमान चढण्याची कारणे मात्र घरगुती असतात. चालू स्थितीतच अडकलेला हीटर, पंपांची उष्णता, बंद लाकडी कपाट किंवा एप्रिल-मे महिन्यांतील खोली यांपैकी काहीही निमित्त होऊ शकते. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावून बाष्पीभवनाने पाणी निवविता येते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत त्याचा परिणाम तोकडा पडतो आणि चिलर घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पंखा चालू केल्यावर बाष्पीभवन वाढते, म्हणून भरही वाढवावी लागते.

भरीचे पाणी

नळाच्या पाण्यात क्लोरीन, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि कधीकधी तांबे असते. तांब्याची अल्प मात्राही पृष्ठवंशहीन प्राण्यांना घातक ठरते. या कारणाने व्युत्क्रमी परासरणाने शुद्ध करून नंतर आयनविरहित केलेले, टीडीएस मापकावर शून्य दाखविणारे पाणी वापरतात.

येथे एक गैरसमज नोंदविणे आवश्यक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी घरोघरी बसविलेल्या आरओ यंत्रातील पाणी या कामाला चालेल असे अनेकांना वाटते. परंतु अशा पुष्कळ यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असते, त्यामुळे त्यांतील पाण्याचा टीडीएस शून्य नसतो. पाणी उडत राहते आणि त्यातील क्षार टाकीत साठत जातात. महिन्याभरात काही दिसत नाही. सहा महिन्यांत शैवल माजते आणि त्याचे कारण सापडत नाही.

किनाऱ्यावरून आणलेले समुद्राचे पाणीही निर्धोक नसते. शहरांजवळ ते सांडपाण्याने दूषित असते आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या लोंढ्याने किनाऱ्यालगतची लवणता बरीच उतरते.

अल्कता, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम

कठीण प्रवाळांच्या टाकीत सर्वाधिक प्रवाळ ज्या एका घटकाच्या चढउताराने जातात तो म्हणजे अल्कता, छंदिष्टांच्या भाषेत अल्कलिनिटी. पाण्यातील बायकार्बोनेट व कार्बोनेट यांचा तो मुख्यत्वे निर्देशक आहे आणि सांगाड्यासाठी लागणारे कार्बोनेट त्यातूनच खर्च होते. तिचे माप डीकेएच म्हणजे जर्मन अंशांत सांगतात. समुद्रात ती सुमारे ७ डीकेएच असते. टाक्यांत ७ ते ११ या मर्यादेत ठेवतात. कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० दशलक्षांश असावे. मॅग्नेशियम फार कमी झाल्यास कॅल्शियम कार्बोनेट आपोआप अवक्षेपित होऊ लागते. मग कितीही भर घातली तरी अल्कता टिकत नाही, आणि हीटर व पंपांवर पांढरे कवच चढते.

सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि अल्कता ठरावीक प्रमाणात खर्च होतात. अल्कता २.८ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम केवळ २० दशलक्षांशांनी उतरते. म्हणजे कॅल्शियमचा साठा मोठा आणि अल्कतेचा लहान आहे. टाकीतील प्रवाळ वाढू लागले की अल्कतेचा आकडा आधी घसरतो तो यामुळे. आठवड्यातून एकदा केवळ कॅल्शियम तपासून निश्चिंत राहणाऱ्याला ही घसरण दिसतच नाही.

पुढील काल्पनिक उदाहरणावरून निदानाची रीत स्पष्ट होईल. २०० लिटर पाण्याच्या टाकीत अल्कता कित्येक महिने ८.५ होती. पालक दहा दिवस गावाला गेला असता अल्कतेची भर घालणाऱ्या पंपाची बाटली रिकामी झाली. परतल्यावर अल्कता ६.१ आढळली. ॲक्रोपोरा फिकट होता, पण ऊती शाबूत होती. पालकाने त्याच संध्याकाळी पूड विरघळवून अल्कता ९ वर नेली, सोबत एकतृतीयांश पाणी बदलले आणि प्रवाळाला बळ यावे म्हणून दिव्यांची तीव्रताही वाढवली. चौथ्या दिवशी बुडापासून ऊती सुटू लागली. दहा दिवसांची सावकाश घसरण प्रवाळाने सोसली होती; एका रात्रीत झालेली तीन अंशांची चढण त्याला सोसली नाही. त्यात पाणी आणि प्रकाश हेही एकदम बदलल्यामुळे कोणता घाव निर्णायक ठरला हे सांगण्याची सोय उरली नाही.

योग्य रीत अशी: दहा दिवसांत २.४ अंश उतरले, म्हणजे रोजचा खर्च सुमारे ०.२४ अंश. २०० लिटर पाण्यात अल्कता १ अंशाने वाढविण्यासाठी सुमारे ६ ग्रॅम शुद्ध सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा, लागतो. २.४ अंश भरून काढण्यास सुमारे साडेचौदा ग्रॅम हवे. ते पाच दिवसांत विभागल्यास रोज सुमारे ३ ग्रॅम आणि रोजच्या खर्चापोटी आणखी दीड ग्रॅम, असे मिळून रोज सुमारे साडेचार ग्रॅम गोड्या पाण्यात विरघळवून वेगवान प्रवाहाच्या जागी घालावे. रोज ठरावीक वेळी अल्कता मोजावी. दिवसाला १ अंशापेक्षा अधिक चढ होऊ देऊ नये. अर्धा अंश अधिक बरा. केक फुगविण्याची बेकिंग पावडर म्हणजे खाण्याचा सोडा नव्हे. तिच्यात आम्लधर्मी क्षार व स्टार्च असतात आणि ती टाकीत कधीही घालू नये.

अल्कता व कॅल्शियम ही दोन्ही एकाच वेळी भरून काढण्याचा जुना उपाय म्हणजे चुन्याची निवळी. कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या संपृक्त निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून ती थेंबाथेंबाने आणि शक्यतो रात्री, जेव्हा टाकीचा पीएच उतरलेला असतो, तेव्हा सोडतात. एकदम ओतल्यास पीएच उसळतो आणि चुना पांढऱ्या ढगाच्या रूपाने बाहेर पडतो. पानपट्टीवरील चुना रासायनिकदृष्ट्या तोच पदार्थ असला तरी त्याच्या शुद्धतेची हमी नसते, तेव्हा तो टाळणे इष्ट.

पीएचविषयी थोडक्यात सांगायचे तर ७.८ ते ८.४ मधील चढउतार चालतो. वातानुकूलनासाठी दारे-खिडक्या लावून घेतलेल्या सदनिकेत माणसांच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टाकीचा पीएच उतरतो. यावर बाटलीतील द्रव्यापेक्षा खिडकी उघडणे किंवा स्किमरची हवानळी बाहेर नेणे हा सोपा उपाय आहे.

पोषकद्रव्यांचे दोन टोकांचे धोके

नायट्रेट आणि फॉस्फेट जितके कमी तितके चांगले अशी समजूत दीर्घकाळ होती. प्रवाळातील शैवलालाही नत्र व स्फुरद लागतात, हे ध्यानात आल्यावर ती मागे पडली. आज नायट्रेट सुमारे २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ दशलक्षांश या मर्यादा सामान्यतः स्वीकारल्या जातात. दोन्ही शून्यावर नेलेल्या टाकीत प्रवाळ फिकट व कृश होतात. शिवाय डायनोफ्लॅजेलेट जातीचे तपकिरी, बुडबुडेयुक्त, दोऱ्यांसारखे चिकट थर वाढू लागतात. ते हटविणे साध्या शैवलापेक्षा कितीतरी कठीण असते. फॉस्फेट शोषणारे लोह ऑक्साइडचे दाणे मात्रेपेक्षा अधिक वापरल्यास काही दिवसांत हा आकडा कोसळतो आणि कठीण प्रवाळांची ऊती सुटू शकते. अमोनिया आणि नायट्राइट मात्र शून्यच असले पाहिजेत. ते आढळल्यास टाकी अद्याप परिपक्व नाही किंवा खडकामागे एखादा मासा मरून पडला आहे, असे समजावे. मांडून सहा महिनेही न झालेल्या टाकीत ॲक्रोपोरा न टिकणे हा रोग नव्हे. ती टाकीच त्याच्यासाठी तयार नसते.

प्रकाश आणि प्रवाह

प्रकाशसंश्लेषणास उपयुक्त प्रकाशाचे माप दर चौरस मीटर, दर सेकंदाला मायक्रोमोल असे देतात. मऊ आणि मोठ्या पॉलिपांच्या प्रवाळांना साधारणतः ५० ते १५० पुरतो. ॲक्रोपोराला २०० ते ३५० लागतो. कमी प्रकाशाने प्रवाळ हळूहळू तपकिरी होतो, अतिप्रकाशाने मात्र दोन-तीन दिवसांत विरंजित होऊ शकतो. त्यामुळे नवे दिवे बसविताना तीव्रता निम्म्यापासून सुरू करून काही आठवड्यांत वाढवीत न्यावी. विरंजित प्रवाळाला अधिक नव्हे, कमी प्रकाश द्यावा; त्याच्या अंगात प्रकाशाचा उपयोग करणारे शैवलच उरलेले नसते.

प्रवाह हा प्रवाळाचा श्वास आणि मलनिःसारण दोन्ही आहे. तो मंद असेल तर अंगावर गाळ बसतो आणि त्याखालची ऊती कुजते. उलट युफिलियावर पंपाची सरळ धार पडत असेल तर मांसल भाग सांगाड्याच्या धारेवर घासून फाटतो. स्पर्शक सौम्यपणे डोलत राहावेत इतका आणि दिशा बदलणारा प्रवाह योग्य.

शेजारी आणि उपद्रवी जीव

प्रवाळ जागेसाठी भांडतात. दिवसा निरुपद्रवी दिसणारा गॅलेक्सिया रात्री वीतभर लांब दंशक स्पर्शक सोडून शेजाऱ्याला भाजून काढतो. मऊ प्रवाळ पाण्यात टर्पीन वर्गातील द्रव्ये सोडून कठीण प्रवाळांची वाढ रोखू शकतात. सक्रिय कार्बन ती बऱ्याच अंशी शोषून घेतो. कारण न सापडणाऱ्या मंद ऱ्हासात ताजा सक्रिय कार्बन हा सर्वांत कमी जोखमीचा उपाय म्हणता येईल.

किड्यांचा शोध दिवे मालवल्यावर दीड-दोन तासांनी, विजेरी घेऊन घ्यावा. ॲक्रोपोरा खाणारा चपटा किडा प्रवाळाच्याच रंगाचा असल्याने दिसत नाही. त्याचे वाटोळे दंशव्रण आणि मृत भागावरील तपकिरी अंडीच आधी आढळतात. मॉन्टिपोरा खाणारी पांढरी, झालरदार समुद्री गोगलगाय तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते. आयोडीनयुक्त किंवा तत्सम द्रावणात प्रवाळ बुडवून प्रौढ किडे काढता येतात, पण अंडी त्यातून वाचतात. म्हणून ही क्रिया काही दिवसांच्या अंतराने पुनःपुन्हा करावी लागते. नवा प्रवाळ मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे हाच यावरचा खात्रीचा बंदोबस्त.

एप्टेझिया हे उपद्रवी समुद्रपुष्प शेजारच्या प्रवाळांना डंख करते आणि चिरडल्यास उरलेल्या तुकड्यांतून पुन्हा वाढते. पेपरमिंट कोळंबी ते खाते. याउलट केसाळ किड्यांवर मात्र अकारण आळ येतो. मेलेल्या ऊतीवर ते दिसतात खरे, पण बहुतेक जाती मेल्यानंतर साफसफाईसाठी आलेल्या असतात.

माशांच्या रोगांवरील तांबेयुक्त औषधे प्रवाळांच्या टाकीत वापरता येत नाहीत. डास मारण्याच्या फवाऱ्यांतील पायरेथ्रॉइड द्रव्ये कोळंबी व माशांना अत्यंत विषारी असतात, तेव्हा टाकीच्या खोलीत फवारणी करू नये.

तातडीचे प्रसंग

ॲक्रोपोराची ऊती काही तासांत चिंध्यांसारखी गळू लागल्यास वाट पाहण्यात अर्थ नसतो. जिवंत फांद्या ऊती सुटलेल्या रेषेपासून अंतर राखून, निरोगी भागातून तोडाव्यात आणि प्रवाहाच्या ठिकाणी वेगळ्या लावाव्यात. मूळ झाड गेले तरी तुकडा जगतो, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याचे पुन्हा झाड होते. युफिलियावर तपकिरी, दुर्गंधीयुक्त बुळबुळीत थर दिसल्यास तो नळीने शोषून टाकीबाहेर काढावा, बाधित प्रवाळ वेगळा करावा आणि आयोडीनच्या द्रावणात बुडवावा. थर प्रवाहाने पसरला तर शेजारच्या प्रवाळांनाही लागण होते.

भारनियमनात प्रथम बिघडते ते तापमान नव्हे, प्राणवायूचे प्रमाण. बॅटरीवर चालणारा हवापंप किंवा इन्व्हर्टरला जोडलेला एक छोटा प्रवाहपंप पुरेसा होतो. स्किमर आणि दिवे बंद राहिले तरी काही तास चालते.

हाताळणीतील धोका

झोअँथिड वर्गातील काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे ज्ञात विषांपैकी अत्यंत तीव्र असे विष असते. हातावरील चिरेतून, डोळ्यांत उडालेल्या थेंबातून किंवा वाफेतून ते शरीरात जाऊ शकते. असे प्रवाळ कापताना हातमोजे व चष्मा घालावा. खडकावरील नको असलेले झोअँथिड मारण्यासाठी तो खडक उकळणे किंवा गरम पाण्याने घासणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. वाफ श्वासात गेल्याने घरातील माणसे गंभीर आजारी पडल्याच्या घटना परदेशांत नोंदलेल्या आहेत. हाताळणीनंतर ताप, धाप, छातीत दुखणे किंवा तोंडात धातूची चव जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे व डॉक्टरांना प्रवाळाचा उल्लेख आवर्जून करावा.

भारतातील कायदेशीर बाजू

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व भित्तिनिर्माण कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. त्यामुळे मालवणच्या खडकांवरून किंवा अन्य किनाऱ्यावरून प्रवाळ तोडून आणणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि मृत सांगाड्यांचा व्यापारही त्यातून सुटत नाही. मालवण सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ मध्ये झाली होती. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित असून, २०२२ च्या दुरुस्तीने या करारातील जातींच्या जिवंत प्राण्यांची नोंदणी भारतीय कायद्यात आणली. प्रवाळ घेण्यापूर्वी तो कोठून आला याची कागदपत्रे मागणे आणि शंका असल्यास वनविभागाकडे विचारणा करणे आवश्यक ठरते. टाकीच्या रचनेसाठी समुद्रातील खडकाऐवजी सिमेंट वा सिरॅमिकचे कृत्रिम सच्छिद्र खडक वापरता येतात. त्यांवर उपयुक्त जिवाणू वसण्यास काही महिने अधिक लागतात.